बाहेर घालवायचं पान

बसा. दिवा राहू दे. मला अंधाराचं काही नाही, वासाचं आहे.

लालबागची आमची चाळ पाडून तिथेच हा टॉवर उभा केला. दाराला कडी नाही, कॅमेरा. बेल वाजली की बाहेरचा माणूस फोनवर दिसतो, हिरवं बटण दाबलं की लॅच आपोआप उघडतं. जन्मभर दार सताड उघडं टाकून झोपलेल्या माणसांना हे शिकवायला पुस्तक काढलं. लिहिलं आमच्या सुनेनं, अपेक्षानं. तिचा धंदाच तो. फोनच्या पडद्याचा जसाच्या तसा फोटो घ्यायचा, स्क्रीनशॉट म्हणतात त्याला. वर लाल बाण मारायचा, खाली लिहायचं, इथे दाबा.

नमुन्याचा पाहुणा म्हणून तिने शेजारच्या कालिंदीला आमच्या दारात उभी केली. एकटी बाई. हातात ताटली, आत तळलेले बांगडे, वर केळीचं पान.

"माका फोटोत घालतंस? आणि लोकांनी घरात घेतला नाय तर?" म्हणाली आणि हसली.

पुस्तकं घरोघर गेली. मे महिन्यात सगळा मजला गावी गेला आणि मागे कालिंदी आपल्या घरात मेली. आम्ही परतलो तेव्हा तिच्या दाराखालून पाणी आलं होतं. पाणी म्हणायचं आपलं. फिनेल ओतलं, ऊद जाळला, लाद्या उखडल्या. तो गोडसर वास भिंतीत मुरला तो मुरलाच. आणि पुस्तकात बाई ताटली घेऊन हसतेच आहे.

मी सुनेला म्हटलं, "मेलेल्या बाईवर बाण मारून दाबा काय सांगतेस? शिसारी येते. काढ ते."

"ॲप बदलतंय अप्पा. नवीन आलं की सगळेच स्क्रीनशॉट बदलायचेत."

माझी बायको नलू शाळेत गेलेली नाही. मीही चौथीत शाळा सोडलेला, पण ती त्या पुस्तकाला पोथी मानते. एका मांडीवर फोन, दुसऱ्या मांडीवर पुस्तक. चित्र जुळलं की दाबायचं. नाही जुळलं तर सख्खा भाऊ बाहेर तिष्ठत राहील.

एका दुपारी बेल वाजली. नलूने फोन पाहिला, पुस्तक पाहिलं, खूश झाली.

"अहो, आज चित्र अगदी तसाच दिसता."

मी वाकून पाहिलं. फोनवर कालिंदी. तीच ताटली. केळीचं पान तेवढं काळं पडलेलं, आणि खालून काहीतरी त्याला हळूहळू उचलत होतं.

"नलू... दाबू नको."

"दाबा म्हणान लिवलेला हा..."

लॅच खटकलं. दार वीतभर सरकलं. बाहेर कोणी नव्हतं. वास मात्र आत आला, जिभेवर बसला. मी मोरीत जाऊन ओकलो. परत आलो तर स्वयंपाकघरात नलूने पाट मांडला होता.

"बस गो. किती दिसांनी इलंस..."

पाटावर कोणी नव्हतं. लाकूड मधोमध ओलं होत होतं, पिवळं, तेलकट.

त्या दिवसापासून नलू जेवेना. आपलं ताट पाटापुढे सरकवायची. थोड्या वेळाने भाताला तार सुटायची. डॉक्टर म्हणाला, अशक्तपणा. कसला अशक्तपणा! माझी बायको माझ्यासमोर संपत होती. तिच्या केसांनासुद्धा तो वास.

मी अपेक्षाला धरलं. "आत घ्यायला शिकवलंस. बाहेर घालवायचं कुठल्या पानावर आहे?"

तिने नाकावर ओढणी धरलेली. "ते पान नाही अप्पा. पाहुणा आपला आपण जातो ना..."

"मग कर."

"बटणच नाही, तर स्क्रीनशॉट कशाचा घेऊ?"

"ती फक्त पुस्तकाचं ऐकते. खोटं कर."

तिने रिकाम्या पॅसेजचा स्क्रीनशॉट घेतला. वर स्वतः लाल बटण चढवलं, 'निरोप द्या'. बाण मारला, छापून आणलं.

नलूने पान मांडीवर घेतलं. फोनवर लाल बटण शोधलं, सापडलं नाही. मग कागदावरच बोट ठेवलं.

लॅच खटकलं. दार उघडलं, आपलं आपण लागलं. पाट बघता बघता सुकला. घरात नुसता फिनेलचा वास. अपेक्षा भिंतीला टेकून रडली.

रात्री नलू पोटभर जेवली. बांगड्याचे काटे चोखून चोखून पांढरे केले. डोकीसुद्धा फोडून खाल्ली. नलूने जन्मात कधी माशाचं डोकं खाल्लं नव्हतं. म्हटलं, उपाशी होती, खाऊ दे.

मग मी तो कागद फाडायला घेतला. त्यातला पॅसेज रिकामा नव्हता. लिफ्टकडे चाललेल्या दोन बायका, पाठमोऱ्या. एकीच्या हातात ताटली. तिने दुसरीचं मनगट धरलेलं. दुसरी अनवाणी, हिरव्या साडीत, मान वळवून आमच्या दाराकडे बघत होती. तिला मी कुठेही ओळखेन.

सुनेला दाखवलं नाही. कुणालाच नाही.

आत भांडी घासतेय, ऐकताय ना? हिरवीच साडी आहे अंगावर. आत जावं, विचारावं, म्हणून हाक मारायला तोंड उघडतो... आणि काय नावाने हाक मारायची, तेच कळत नाही.