उंबऱ्यातले खिळे

ते लाकूड आत सरकव रे, अन् मोबाईल खाली ठेव. ऐकायचं तर नीट ऐका, मधी हसायचं नाय.

आपल्या कन्नडचा सांडू जीपवाला. त्याच्या तोंडून ऐकलंय, अन् तो काही थापाड्या नाय. वेरूळ रोडला जुन्या घरांचं म्युझियम काढलंय ना, चुली, जाती, मातीचे पुतळे मांडलेले, तिथं त्यानं आपलं पडकं घर दिलं. दारं-खांब नेऊन त्या लोकांनी जसंच्या तसं उभं केलं. पण देताना ह्यानं शहाणपणा केला. उंबऱ्यातले गंजके खिळे उपटले. म्हणे, बघायला येणाऱ्यांच्या पायात घुसतील! अरे, त्याच्या बापाची पहिली बायको चतुराबाई बाळंतपणात गेली, लेकरू बी गेलं. अशी बाई लेकरासाठी माघारी येती, म्हणून ते खिळे ठोकले होते. सांडूला हे ठाऊक होतं. खरं वाटत नव्हतं, एवढंच.

गेल्या पौषात, अवसेच्या आदल्या रात्रीची गोष्ट. तीन महिन्यांच्या पोराला डोस द्यायला सांडू अन् त्याची बायको आशा शहरात गेले होते. येताना सांडू म्हणला, चल, आपलं घर दाखवतो. पोचेस्तोवर अंधार पडला. वॉचमन रामकिसन ओळखीचा, त्यानं आत सोडलं. घरापाशी पोरगं रडाया लागलं. आशाला ओट्यावर बसवून सांडू अन् रामकिसन जीपमधून दुधाची बाटली आणायला गेले. माघारी आले.

आशा ओट्यावरच. हात मोकळे.

"पोरगं कुठंय?"

"आत. त्या बाईनं घेतलं. म्हणली, दमलीस, आण इकडं."

"कोण बाई?"

"इथलीच असंल की. लुगडं नेसलेली..."

रामकिसन हळूच म्हणला, "भाऊ, रात्री इथं बाई नसती."

सांडू उंबऱ्यापाशी गेला. पाय उचलंना. रडणं थांबलं होतं... आतून नुसतं थोपटल्याचा आवाज. सावकाश...

भ्याला तो. हात जोडले.

"थोरले आई... लेकरू माझं हाय. दे."

थोपटणं थांबलं.

लई वेळ काहीच नाय.

मग... पुन्हा सुरू झालं.

आशा थांबली नाय. आई ना ती! धडक आत घुसली, चाचपडत पोरगं उचललं अन् बाहेर पळाली. पोरगं गाढ झोपेत. रामकिसननं आत बॅटरी मारली. कोणी नाय.

दुसऱ्याच दिवशी सांडूनं तिथं नवे खिळे ठोकले. आपल्या राहत्या घराला बी ठोकले.

परवा गेलो होतो त्याच्याकडं सकाळी. पोरगं आता चालतंय. नुकतंच उठलेलं, गालावर काजळाची तीट. म्हणलं, "पोरी, दृष्टीची काळजी घेतीस, बरं करतीस."

आशा खाली बघत बसली. सांडूच म्हणला, "काका, आमच्या घरात काजळ नाय. त्या रात्रीपासनं, खिळे ठोकायच्या आधीपासनं, रोज उठलं की... असती."

मी बोट लावून बघितलं.

ओली होती.