एका चित्राच्या बारा पाट्या

सुट्टीचा बेत खरं तर पोहण्याचा होता. मामेभावाने, म्हणजे ज्याला सगळे मास्तर म्हणत त्याने, पोहण्याचे नियमसुद्धा वहीत उतरवून काढले होते. पण सकाळी आजीने विचारलं, "माझ्याबरोबर येता का रे कुणी? एकटीने जाववत नाही," आणि तिचा आवाज ऐकून टाचणीने टॉवेल परत खुंटीला अडकवला. तिच्यामागून धाकटा भाऊ ढोल्या निघाला, आणि मग मास्तर तरी एकटा काय पोहणार? टाचणी हे नाव आजीनेच ठेवलेलं. अंगाने बारीक, आणि प्रश्न असे की टोचलेच पाहिजेत.

अशी ती वरात अभिलेखागारात पोहोचली. अभिलेखागार म्हणजे जुन्या कागदांचं घर. आजीची थोरली बहीण एका मोठ्या संग्रहालयात चित्रांची प्रदर्शनं मांडायची. कुठलं चित्र कुठे टांगायचं, त्याच्या शेजारी कुठलं, खालच्या पाटीवर काय लिहायचं, सगळं तीच ठरवायची. ती याच वर्षी गेली, आणि तिची आयुष्यभराची पत्रं नि टिपणं चौतीस खोक्यांत भरून इथे आली.

आजीला त्यातलं एकच पत्र हवं होतं. बावीस वर्षांपूर्वी त्या दोघींची आई अंथरुणाला खिळली, तेव्हा थोरलीच्या प्रदर्शनाची गडबड चालली होती. ती दोन दिवस उशिरा पोहोचली, तोवर सगळं आटोपलं होतं. आजीने तिला दारातच सुनावलं, पुन्हा मला तोंड दाखवू नकोस. वर्षभराने आजीचा राग निवळला आणि तिने माफीचं पत्र पाठवलं. त्याचं उत्तर कधीच आलं नाही. आता माणूसच उरलं नव्हतं. थोरलीने आपलं पत्र वाचलं तरी का, एवढंच आजीला कळायला हवं होतं.

नोंदवाले काका मात्र घाईत होते. चौतीस खोक्यांची यादी त्यांनी तीन आठवड्यांत उरकली होती, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. खाजगी असं काहीच निघालं नाही, कामाची पत्रं तेवढी आहेत, असं ते यादीवरून मान वर न करता म्हणाले. आजी तरीही खोकी उघडून बसली. दुपारपर्यंत तिचे डोळे चुरचुरायला लागले, पण ती उठेना. टाचणीला ते बघवेना, म्हणून ती खोलीभर हिंडू लागली.

दाराशी एक खोकं होतं. वर लिहिलं होतं, 'छापील पाट्या, जादा. सोमवारी रद्दी.' आत सहा प्लास्टिकची पाकिटं होती. प्रत्येकात पुठ्ठ्याच्या दोन पाट्या पाठीला पाठ लावून ठेवलेल्या. साऱ्यांवर एकच मजकूर: 'जिन्यावरच्या दोघी. तैलरंग.'

टाचणीने मोजल्या. बारा भरल्या.

एका चित्राला पाटी लागते एक, मग मोठ्या आजीने बारा कशाला जपल्या? ढोल्याच्या मते ती विसरभोळी असेल. मास्तरच्या मते छापखान्याची चूक. टाचणीने जाऊन आजीलाच विचारलं, तुझी बहीण कागद वाया घालवायची का गं? आजीला एवढ्या दुःखातही हसू आलं. कागदाच्या बाबतीत थोरली एक नंबरची चिक्कू, ती म्हणाली. शाळेत असल्यापासून कोऱ्या पानावर म्हणून कधी लिहिलं नाही तिने. पाठकोरं काहीतरी शोधायची.

टाचणीने दाराशी धाव घेतली आणि ते खोकं उचलून थेट काकांच्या टेबलावर ठेवलं.

पाकिटं उघडायला काकांनी साफ नकार दिला. पाट्या छापील आहेत, यादीत चढल्या आहेत, मागे काय असणार कपाळ? आणि त्यांची जेवायची वेळ झाली होती. पण मास्तरला भिंतीवरची पाटी वाचल्याशिवाय चैन पडत नसे. त्याने चष्मा वर सरकवला आणि खणखणीत आवाजात वाचलं, "नियम सातवा. वाचकाने मागणी केल्यास कागदाच्या दोन्ही बाजू दाखवल्या जातील." खाली सही काकांचीच होती. ढोल्याने लगेच मागणीचा अर्ज आजीपुढे सरकवला, आजीने सही केली, आणि काका डबा बाजूला ठेवून मुकाट्याने पाकिटं उघडू लागले.

बाराही पाट्यांच्या पाठी शाईने लिहिलेल्या होत्या.

पहिलीवर एकच ओळ होती. 'धाकटे, तुझं पत्र मिळालं.' दुसरीवर तीच ओळ, आणि पुढे दोन ओळी खोडलेल्या. तिसरी अर्ध्यावर सोडलेली. प्रत्येकीवर तारीख वेगळी, मध्ये कधी वर्ष गेलेलं, कधी तीन. शेवटची यंदाची होती आणि अक्षर थरथरत होतं. आजीला वाचवेना, म्हणून टाचणीने वाचून दाखवली.

"धाकटे, माफी तू मागितलीस आणि माझं तोंडच बंद केलंस. चूक माझी होती. आईजवळ मी असायला हवं होतं. तुला माफ केलं, असं मी कुठल्या तोंडाने लिहू? आणि मला माफ कर, असं लिहायला बसले की हात थांबतो. परक्यांच्या चित्रांखाली चार ओळी लिहायला मला कधी अडलं नाही गं."

आजी रडू लागली. गडबड ऐकून संचालकबाई आल्या. त्यांनी काकांची चांगलीच हजेरी घेतली आणि तिघांच्या पाठीवरून हात फिरवला. तीन आठवड्यांत मोठ्यांना जे दिसलं नाही ते पोरांनी एका दुपारी शोधलं, असं त्या म्हणाल्या. ढोल्या फुशारला. टाचणीला मात्र शाबासकी गोड लागेना. उत्तर सापडलं की आजीला बरं वाटेल, अशी तिची समजूत होती, आणि आजीचं रडं तर थांबतच नव्हतं. उत्तर होतं, फक्त ते पाठवायचं राहिलं होतं. याचं काय करायचं ते टाचणीला कळेना. ती नुसती आजीला चिकटून बसली.

पाट्या तुमच्या नावाच्या आहेत, घरी न्या, असं बाईंनी सुचवलं. आजीने पदराने डोळे पुसले.

"नको. राहू देत इथेच," ती म्हणाली. "तिने किती प्रदर्शनं मांडली ते सगळ्यांना ठाऊक आहे. माझ्याशी बोलायला ती बारा वेळा बसली होती, हेही कळू दे कुणाला तरी."

काकांनी नवं पाकीट आणलं आणि अकरा पाट्या एकेक करून आत सरकवल्या. बारावी आजीच्या हातात होती. ती कुणी मागितली नाही.