सोनगीरचं उलटं मीटर

"त्या एच. बी. सोनवणे नावाच्या माणसाला एकदा माझ्यासमोर आणा. मग बघतो मी."

धुळ्याच्या वीज कार्यालयात तक्रारीच्या खिडकीपाशी हे वाक्य ऐकलं, तेव्हा मी रांगेत बरोबर त्या बोलणाऱ्याच्या मागे उभी होते. उंच, सावळा, पाठीवर सॅक, आणि मे महिन्यात धुळ्यात चक्क पूर्ण बाह्यांचा काळा शर्ट. म्हणजे हा इथला असला तरी बरीच वर्षं इथं राहत नाही, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. खिडकीतल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, आणि शांतपणे म्हणाल्या, "आणायला कशाला पाहिजे? तुमच्या मागेच उभ्या आहेत."

तो वळला. मी हसू दाबलं. त्याचे कान आधी लाल झाले, मग मान... आणि मग तो जे काही बोलला त्यात 'सॉरी' एवढंच मला कळलं.

मी हेमांगी भास्कर सोनवणे. घरांच्या छतावर सोलर बसवून देणाऱ्या एका कंपनीत मी ग्राहकांच्या तक्रारी बघते, त्यासाठी वीज कार्यालयाच्या त्या खिडकीवर माझी नेहमीची ये-जा. आणि हा प्रेमराज, जो गेले काही महिने जर्मनीतून मला ईमेलवर ईमेल पाठवत होता. मी प्रत्येकाला उत्तर दिलं होतं. पण एच. बी. सोनवणे म्हणजे पान खाणारे, पन्नाशीचे, टेबलावर पाय टाकून बसणारे गृहस्थ असणार, असं त्यानं मनाशी पक्कं धरलं होतं. हे त्यानंच नंतर समोरच्या रसवंतीत बसल्यावर कबूल केलं.

"आणि आता?" मी विचारलं.

"आता... तक्रार मागे घ्यायचा विचार आहे," तो ग्लासात बघत म्हणाला. "तुमच्याविरुद्धची. मीटरची नाही."

त्याची तक्रार साधी होती. सोनगीरला त्याची आई लताबाई एकटी राहते. तिला उन्हाळ्यात कूलर, पंखा मनसोक्त लावता यावा म्हणून त्यानं छतावर सोलर बसवलं. तयार झालेली वीज घरात लागेल तेवढी लागते, उरलेली वीज कंपनीच्या तारेवर परत जाते, आणि परत गेलेली वीज बिलातून वजा होते. निदान व्हायला हवी. इथं मात्र बिल दर महिन्याला वाढतच होतं. तो आम्हाला चोर म्हणत होता, आम्ही वीज कंपनीकडे बोट दाखवत होतो, आणि वीज कंपनी म्हणत होती, मीटर ठीक आहे. परदेशात बसून हे भांडण होईना, म्हणून तो शेवटी रजा टाकून आला होता. जर्मनीतही बाल्कनीत दोन पॅनल लावल्यापासून तिथल्या कंपनीशी त्याचं वाजलेलंच होतं. "पण ते लोक नाही म्हणायलासुद्धा दोन पानांचं गोड पत्र पाठवतात," तो म्हणाला. मी म्हटलं, आमच्याकडे पत्र नाही मिळत, रस मिळतो. तो हसला, आणि मला उगाच वाटलं की त्याचं काम लवकर होऊ नये.

दुसऱ्या दिवशी मी सोनगीरला गेले. तांबट आळीच्या पुढे त्यांचं घर, वर किल्ला, आणि आळीतली ठोकठोक दिवसभर कानावर. लताअक्कांनी दारातच माझा हात धरला. "बठ माय, कितलं ऊन शे," म्हणत मला पंख्याखाली बसवलं आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. पंखा जोरात फिरत होता. प्रेमराज मोबाईलवर मला सोलरचा आलेख दाखवत होता. तो हा आलेख जर्मनीतून रोज बघायचा. वीज परत गेल्याची रेघ उंच चढली की आईला फोन करून सांगायचा, आज छान झालं. त्या रेघेवर त्याचा इतका जीव होता की मला त्याची गंमत वाटली. त्या दिवशी तरी गंमतच वाटली.

कपाळावरचा घाम पुसायला अक्कांनी मला स्वतःचा पदर दिला. तेव्हा मला दिसलं, कोपऱ्यातल्या कूलरवर जुनं लुगडं पांघरलेलं होतं आणि लुगड्यावर धूळ साचली होती.

पुढचे दिवस आम्ही दोघं मीटरची पुन्हा तपासणी व्हावी म्हणून मागे लागलो होतो. माझ्या स्कुटीवर मागे बसून तो धुळ्यातल्या टेबलाटेबलाला फिरला. साहेब जेवायला गेले की आम्ही शेवभाजी खायला जायचो. त्याला तिखट सोसेना, डोळ्यांतून पाणी, पण ताट सोडायला तयार नाही. एकदा संध्याकाळी त्यानं मला सोनगीरच्या किल्ल्यावर नेलं. वाट निसरड्या मुरमाची. त्यानं हात पुढे केला, मी धरला... आणि वर पोचल्यावर सोडायचं दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. खाली महामार्गावरचे ट्रक मुंग्यांसारखे सरकत होते. मी त्याला माझ्या बाबांबद्दल सांगितलं. माझं सगळं लहानपण ते कुवेतला होते. आई फोनशेजारी बसून म्हातारी झाली, आणि बाबा कायमचे परत आले तेव्हा त्यांना स्वतःच्या घरात साखरेचा डबा सापडत नव्हता.

त्यानं मुरमाचा एक खडा उचलून खाली टाकला. मग म्हणाला, "मला तर तुमचं ऑफिसही सापडलं नसतं. रांगेत सापडलात म्हणून." मला तो आवडला होता. सरळच सांगते, खूप आवडला होता.

तपासणीच्या आदल्या दिवशी दुपारी मी एकटीच सोनगीरला गेले. प्रेमराज कामासाठी धुळ्यात होता. दार उघडंच होतं. अक्का आतल्या खोलीत फरशीवर पडल्या होत्या, डोक्यावर ओला पंचा, चेहरा लालभडक. पंखा बंद. मला वाटलं वीज गेली. मी बटण दाबलं तर पंखा सुरू झाला, आणि अक्का धडपडत उठून बसल्या.

"बंद कर माय, बंद कर," त्या म्हणाल्या. "पंखा लावा का रेघ खाले येस."

मला क्षणभर काही उमगेना. मी त्यांना पाणी दिलं, पंखा मुद्दाम चालू ठेवला, आणि मग त्या थोडं थोडं बोलल्या. पोरगा तिकडून रेघ बघतो. रेघ वर गेली की त्याचा आवाज हसरा येतो. बिल वाढलं की तो चिडतो, तेव्हा आपलाच वापर जास्त होतोय असं त्यांना वाटलं. म्हणून आधी कूलर बंद केला, मग टीव्ही, मग पंखा. घरात कुणी आलं की तेवढा लावायचा.

"त्याले सांगू नको," त्या म्हणाल्या. "मना पोऱ्या तठे एकला शे. माले उकाडानी सवय शे."

नाही सांगणार, असं मी कबूल केलं. काय करणार... त्या माझा हात सोडतच नव्हत्या. पण जाता जाता मी मीटरपाशी थांबले. सोलर बंद केलं, अक्कांना कूलर लावायला सांगितला, आणि मीटरकडे बघत राहिले. घरात घेतलेल्या विजेचा आकडा हलला नाही. परत पाठवलेल्या विजेचा हलला. मीटर बसवणाऱ्या ठेकेदाराच्या माणसानं तारा उलट्या जोडल्या होत्या. इथून परत गेलेली सगळी वीज 'वापरली' म्हणून मोजली जात होती.

म्हणजे अक्का जेवढी वीज वाचवत होत्या, तेवढं बिल वाढत होतं. आणि बिल वाढलं की त्या आणखी वाचवत होत्या. मी तिथंच ओट्यावर बसले आणि रडले. आळीतली ठोकठोक चालू होती म्हणून आत ऐकू गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी वीज कंपनीचे इंजिनिअर आले. मी तारांबद्दल सांगितलं, त्यांनी तपासलं आणि चूक लगेच मान्य केली. मागची सगळी बिलं दुरुस्त होतील म्हणाले. प्रेमराजनं आनंदानं टाळी वाजवली, माझ्याकडे पाहून डोळे मिचकावले. आपण जिंकलो, असं आतल्या आईला ओरडून सांगितलं. इंजिनिअर अजून मीटरकडेच बघत होते. भला माणूस होता, त्यांच्या मनात काही नव्हतं. त्यांनी सहज विचारलं, "जवळजवळ सगळीच वीज परत गेलीय हो. आजी घरात काही लावत नाहीत का?"

प्रेमराज हसत हसत काहीतरी बोलायला गेला आणि थांबला. त्यानं मोबाईल काढला. ज्या उंच रेघेवर तो खूश व्हायचा तिच्याखाली घरातल्या वापराची रेघ होती, सपाट. ती तो रोज बघत होता आणि वापर एवढा कमी असताना बिल जास्त कसं, याचा वीज कंपनीविरुद्धचा पुरावा म्हणून जपत होता. त्यानं वर पाहिलं. दारात अक्का पदराशी चाळा करत उभ्या होत्या, हातून काहीतरी फुटलेल्या लहान मुलीसारख्या.

तो त्यांच्या पायाशी जाऊन बसला. एवढा उंच माणूस... गुडघ्यात डोकं घालून. अक्का त्याच्या केसांतून हात फिरवत पुन्हा पुन्हा म्हणत होत्या, "काही नही रे, काही नही." इंजिनिअर हळूच बाहेर पडले. मीही निघाले, पण प्रेमराजनं मला नजरेनं थांबवलं. तुम्हाला माहीत होतं, असं ती नजर म्हणत होती, आणि त्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

त्याची रजा संपत आली. जायच्या आदल्या संध्याकाळी तो मला सोडायला सोनगीर फाट्यावर आला. माझी स्कुटी दुरुस्तीला होती, मी एसटीनं धुळ्याला जाणार होते. आभाळ भरून आलं होतं, पण पाऊस येणार नव्हता, नुसता उकाडा. रस्त्याकडे बघता बघता तो एकदम म्हणाला, "हेमांगी, माझ्याशी लग्न करशील?"

पहिल्यांदाच 'तू' म्हणाला. माझ्या ओठांवर 'हो' आलंच होतं. किती दिवस ते तिथंच तर बसलं होतं.

पण तो घाईघाईनं पुढे बोलत गेला. "तू आईजवळ राहा. धुळ्याची नोकरी इथूनही होईल. मी वर्षातून दोनदा येत जाईन. दोन-तीन वर्षांचाच प्रश्न आहे... तू घरात असलीस की मला तिकडे झोप लागेल."

त्यानं माझा हात घट्ट धरला होता. त्याचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही. होतं, मला ते त्याच्या बोटांत कळत होतं. पण त्याला बायको हवी होती की आईजवळ राहायला कुणीतरी, हे त्यालाच ठाऊक नव्हतं.

"मला घेऊन जा ना," मी म्हटलं.

"मग आईचं काय?"

"मग तुम्ही परत या."

त्यानं मान खाली घातली. बारा गावं हिंडून मिळवलेली नोकरी, तिथलं सगळं आयुष्य... त्याच्या दोन्हीकडच्या अडचणी खऱ्या होत्या. म्हणून तर मला त्याच्यावर चिडताही येईना.

"तुम्ही इथं राहिलात तर मी उद्या सोनगीरला राहायला येईन," मी म्हटलं. "तिकडे न्याल तर एका खोलीतही राहीन. पण तुम्ही तिथं आणि मी इथं... मला नाही जमणार, प्रेमराज. मी तुमची वाट बघत बसेन, आणि तुम्ही विचारलंत की सगळं छान आहे म्हणून सांगेन. अक्कांसारखीच."

"तुला मी आवडत नाही का?"

"आवडता. त्याबद्दल शंका नको."

लांबून शिरपूर-धुळे गाडी दिसली. मी हात केला, गाडी थांबली. मी चढताना त्यानं माझी ओढणी दारात अडकू नये म्हणून उचलून धरली, आणि एवढ्याशा गोष्टीनं माझा बांध फुटला. मी खिडकीशी बसले. रडताना कुणी बघू नये म्हणून तोंड बाहेरच ठेवलं.

गाडी सुटली. तो रस्त्याच्या कडेला उभा होता. मला वाटलं, आता तरी येईल. नुसतं येईल, काही न ठरवता, मग पुढचं पुढे बघू. आणि खरंच त्यानं हात वर केला. फाट्यावर हात केला की एसटी थांबतेच. ड्रायव्हरनं ब्रेक मारला, कंडक्टरनं दार उघडलं आणि बाहेर डोकावून म्हणाला, "या लवकर, भाऊ."

निरोपाला वर केलेला हात तसाच ठेवून प्रेमराज गोंधळून बघत राहिला. आधी उघड्या दाराकडे, मग खिडकीतून माझ्याकडे. मग त्यानं हळूच नाही म्हणून मान हलवली, आणि तोच हात जा म्हणून हलवला.

कंडक्टरनं दार ओढून घेतलं, दोनदा घंटी मारली, आणि माझ्याकडे तिकिटासाठी आला. मी धुळं म्हटलं, ते त्याला ऐकू गेलं नाही. मला पुन्हा सांगावं लागलं.