लगदा वाळेपर्यंत

डिसेंबरातल्या त्या शनिवारी तो दुकानात शिरला, तेव्हा त्याच्या हातात एक डोंगर होता. म्हणजे… डोंगराचं जे काही उरलं होतं ते.

"ताई, हा विरघळला," तो म्हणाला.

थर्माकोलला जागोजागी खड्डे पडून हिरवा चिकटा झाला होता. मोहिनीचे कान तापले. मागच्याच आठवड्यात तिनं त्याला थर्माकोल आणि ऑइलपेंटचा डबा एकाच पुडक्यात बांधून दिला होता. ऑइलपेंट थर्माकोल खातो, हे मेन रोडवरच्या स्टेशनरीवाल्याच्या मुलीला माहीत असायला नको? माहीत होतं. पण हा माणूस पेठकडच्या आपल्या आश्रमशाळेतल्या पोरांबद्दल इतक्या मायेनं बोलत होता, की सांगायचंच राहून गेलं.

तिनं माफी मागितली. तो रागावला नाही. आमच्याकडचे डोंगर चार महिने पाऊस खातात, पण असे खचत नाहीत, एवढंच म्हणाला आणि हसला.

नाव दिनेश गावित. भूगोल शिकवायचा. जानेवारीतल्या प्रदर्शनात शाळेभोवतीच्या डोंगरांचं मॉडेल मांडायचं होतं. प्लास्टरचं करू का, त्यानं विचारलं. एसटीतून आणताना तडकेल, ती म्हणाली. शाडू? जड होईल. मग तिनं आईची टोपल्यांची रीत सांगितली – रद्दी भिजवून कुटायची, कीड लागू नये म्हणून वाटलेली मेथी घालायची, आणि तो लगदा कामट्यांच्या सांगाड्यावर थापायचा.

"म्हणजे आमच्या घराच्या कुडासारखं की," तो म्हणाला. "कामट्या विणायच्या आणि लिंपायचं. हे मला येतं."

त्यानंतर तो दर शनिवारी येऊ लागला. कधी झाडांसाठी स्पंज हवा, कधी गवतासाठी रंगवायला भुसा. डोंगराचं विचारलं, की एकच उत्तर… लगदा अजून वाळला नाही. तिसऱ्या शनिवारी तो "ता…" म्हणाला आणि अडखळला. मग नुसतंच, "अहो." सुतळी बांधता बांधता मोहिनी गाठ मारायचीच विसरली.

पाचव्या शनिवारी मात्र तिचं कशातच लक्ष नव्हतं.

"एका बाजूला ओल आहे अजून," तो सांगत होता. "पुढच्या शनिवारी–"

"प्रदर्शन सोमवारी आहे ना, सर?"

त्यानं पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"आणि या उन्हात लगदा चार दिवसांत वाळतो."

त्यानं मान खाली घातली. "तीनच दिवसांत वाळला होता."

"मग?"

"वाळला म्हटलं असतं… तर इकडे यायला काय निमित्त सांगितलं असतं?"

तिला हसू आलं, पण ओठांपर्यंत येऊन थांबलं. उद्या ओझरच्या कारखान्यातला एक मुलगा तिला बघायला येणार होता. तिनं ते एका दमात सांगून टाकलं. दिनेशचा चेहरा उतरला. तो काउंटरवरच्या ब्रशांशी चाळा करत राहिला.

"तुम्हाला… काय वाटतं?" शेवटी त्यानं विचारलं.

"कुठं काय चालेल, काय नाही, हे मी दिवसभर लोकांना सांगते," मोहिनी हळूच म्हणाली. "मला तो चालणार नाही."

त्यानं पिशवी खाली ठेवली. कॉलर नीट केली. वडील कुठे आहेत, म्हणाला. तिनं मागच्या खोलीकडे बोट दाखवलं. तेवढ्यात आतूनच अण्णांनी विचारलं, कोण आलंय, काय हवंय त्यांना.

मोहिनीनं काउंटरची फळी वर उचलून धरली.

"तुम्हीच विचारा, अण्णा," ती म्हणाली. "आत येताहेत."