भिंगरीचे बूट

घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा करायला घेतला, आणि रंगाऱ्याने जुन्या सुटकेसमागून एक धुळकट जोडी खाली काढली. निळ्या कॅनव्हासचे धावायचे बूट. पांढरे पट्टे पिवळे पडलेले, तळवे खडखडीत झालेले.

"काकू, हे भंगारात टाकू ना?"

काकूंनी ते त्याच्या हातातून जवळजवळ हिसकावून घेतले. "भिंगरीचे आहेत ते," त्या म्हणाल्या, आणि ह्या वयात चक्क लाजल्या.

भिंगरी म्हणजे काकूंचे यजमानच. आता त्यांना सगळी गल्ली काटेसाहेब म्हणते, कारण उभा जन्म त्यांनी दुकानदारांची वजनमापं तपासण्यात घालवला. काटा केसभर हलका असला तरी त्यांच्या नजरेतून सुटायचा नाही. पण तरुणपणी त्यांच्या पायाला भिंगरी होती. तो पोरगा पहाटे मैदानावर पळायचा आणि ती कडेच्या बाकावर टॉवेल घेऊन बसायची. त्याच्या चड्डीला खिसा नसायचा, म्हणून खोलीची किल्ली ती त्याच्या डाव्या बुटाच्या नाडीत बांधून द्यायची. गाठ अशी मारायची की फक्त दातांनीच सुटावी. पुढे गुडघा दुखावला, नोकरी लागली, तिच्या वडिलांचा होकार आला. प्रेम भिंगरीशी जमलं आणि संसार काटेसाहेबांशी झाला.

काकूंनी जुन्या टूथब्रशने बूट घासले, पट्ट्यांवर खडू फिरवला, नव्या नाड्या ओवल्या आणि जोडी गॅलरीत वाळत ठेवली. साहेब आधी सुखावले. मग त्यांच्या लक्षात आलं, की बूट घासताना बायको गुणगुणत होती. त्यांचे रोजचे काळे बूट तिथेच बाजूला पडले होते, त्यांच्यावर तिने कधी फडकं मारलं नव्हतं.

"एवढं काय त्यात?" साहेबांनी विचारलं.

"तुम्हाला नाही कळायचं."

माझेच बूट, आणि मलाच कळायचं नाही? साहेबांना ते चांगलंच झोंबलं. काकू आंघोळीला गेल्या तेव्हा त्यांनी गॅलरीत बसून उजवा बूट पायात घालून पाहिला. पाय वयाबरोबर पसरला होता. टाच काही आत गेली नाही.

दोन-चार दिवसांनी सकाळी ते बूट ओले दिसले. तळव्यांना कुसळं चिकटलेली.

"दव पडलं असेल," काकू म्हणाल्या.

"गॅलरीला छप्पर आहे."

"मग मला काय माहीत?"

साहेब आत गेले आणि पेन्सिल घेऊन आले. वजनावर खूण करायची तशी त्यांनी दोन्ही टाचांवर एकेक बारीक रेघ ओढली. दुसऱ्या दिवशी पाहिलं, तर रेघेचा फक्त बाहेरचा अर्धा भाग घासून गेला होता. टाचा बाहेरून झिजवायची सवय त्यांचीच. लग्नानंतर चांभाराने त्यावरून त्यांना कितीदा तरी टोकलं होतं.

त्याच सुमाराला काकू पहाटे फिरायला जाऊ लागल्या. तब्येतीला बरं, असं म्हणाल्या. तब्येत बरी दिसतही होती. गालांवर रंग आला होता. बरोबर टॉवेल कशाला, हे मात्र साहेबांनी विचारलं नाही. एके दिवशी ते मागोमाग निघाले.

मैदान रिकामं होतं. उजाडत होतं, पलीकडच्या झोपाळ्याच्या साखळ्या थेंबांनी लगडल्या होत्या. काकू बाकावर बसल्या होत्या आणि त्यांची मान सावकाश वळत होती. डावीकडून उजवीकडे, ट्रॅकच्या वळणावळणाने. मग पुन्हा डावीकडे.

साहेब कडुनिंबाआड उभे राहिले. ट्रॅकवर कोणी नव्हतं.

काकूंची मान त्यांच्या दिशेने आली तेव्हा खडीचा चुरचुर आवाज झाला. एक झुळूक अंगावरून गेली. तिला घामाचा आणि एका मलमाचा वास होता. ते मलम बाजारातून कधीच नाहीसं झालं होतं.

काकू उठल्या. त्यांनी टॉवेल पुढे केला.

"दमलास? पूस आधी. गार हवा आहे."

आणि त्या हसल्या. हे हसू साहेबांना ओळखीचं होतं, पण त्यांच्या वाट्याला ते फार वर्षांत आलं नव्हतं. त्यांना खरं तर भीती वाटायला हवी होती. वाटला तो निव्वळ मत्सर.

घरी आल्यावर त्यांनी विचारलं, "कोणाशी बोलत होतीस?"

"तुम्ही आला होतात? हाक तरी मारायची."

"मी काय विचारतोय?"

"अहो, तुम्हीच ना ते?" काकूंनी ओला टॉवेल दोरीवर टाकला. "मग जळता कशाला?"

संध्याकाळी साहेबांनी किल्लीवाल्याला बोलावून दाराचं लॅच बदलून घेतलं. नव्या लॅचच्या दोनच किल्ल्या. एक स्वतःच्या खिशात, दुसरी काकूंच्या हातावर.

"जपून ठेव. कोणाला द्यायची नाही."

"कोणाला देणार?"

बूट त्यांनी उचलून दाराबाहेर जिन्यात ठेवले आणि दार ओढून घेतलं. स्वतःची किल्ली उशीखाली ठेवून ते झोपले.

जाग आली ती कपबशांच्या आवाजाने. बाजूचं अंथरूण रिकामं होतं. त्यांनी उशीखाली हात घातला. किल्ली होती.

स्वयंपाकघरात काकू पाठमोऱ्या उभ्या होत्या. टेबलावर दोन कप होते. दोन्ही संपलेले.

"उठलात? आमचा झाला चहा. तुमचा टाकू का?"

साहेब बाहेरच्या खोलीत आले.

दार बंद होतं. बूट दाराच्या आत होते, नीट जोडीने ठेवलेले. फरशीवर ओलसर माती.

साहेब गुडघा सांभाळत खाली बसले. डाव्या बुटाच्या नाडीत नवीकोरी किल्ली बांधली होती.

त्यांनी नखांनी ओढून पाहिलं. गाठ हलेना. ती दातांनीच सोडवावी लागणार होती, आणि त्यांचे दात अजून आत वाटीत, पाण्यात होते.