शिवगंगाबाईंचा दात

२०१५ च्या जूनमध्ये शिवगंगाबाई माझ्या लातूरच्या दातांच्या दवाखान्यात आल्या. क्लासच्या मुलींसाठी त्या मेस चालवायच्या. चाळीस मुली जेवून गेल्या की मागून एकट्याच जेवायला बसायच्या. त्र्याण्णवच्या भूकंपात भिंतीचा दगड लागून त्यांचा खालचा एक दात गेला होता. नवरा आणि चार वर्षांची लेक सिंधू पडलेल्या घराखालीच राहिली.

मी जबड्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवला. हाडानं लवकर धरावं म्हणून तो मुद्दाम खरखरीत केलेला असतो. तरी पकड यायला तीन महिने लागतात, मगच वर दात चढवायचा. त्यांचं हाड तर बावीस वर्षांत झिजून गेलं होतं. मला खात्री वाटत नव्हती.

दहाव्या दिवशी भर दुपारी त्या टाके काढायला आल्या. खाली रस्त्यावर क्लास सुटल्याचा गलका चालला होता.

"मॅडम, जबड्यात कुणीतरी ठोकून राहिलंय."

"दुखतं का?"

"न्हाई. नुसतं ऐकू येतं."

सूज नव्हती, पू नव्हता. एक्स-रे काढला. हाड स्क्रूला पुरतं भिडलं होतं, मध्ये केसभर फट नाही. दहा दिवसांत असं होत नाही.

पकड तपासायला मी आरशाच्या दांड्यानं स्क्रूवर दोनदा ठोकलं. आवाज टणक आला.

मग दांड्यातून माझ्या बोटांना दोन ठोके लागले.

बाईंचा जबडा हललेला नव्हता.

"काढून टाकू आपण हा," मी म्हणाले.

त्यांनी माझं मनगट धरलं. "दोन दिवस दगडाखालून असंच ठोकणं येत व्हतं. माझ्यानं दगड हलंना. तिसऱ्या दिवशी थांबलं." मग त्यांनी मनगट सोडलं. "राहू द्या, मॅडम."

मी राहू दिलं.

सप्टेंबर संपता संपता त्या दात चढवायला आल्या. नवं पातळ नेसल्या होत्या.

"अजून ऐकू येतं?"

"न्हाई. थांबलं."

मला हायसं वाटलं. "बरं झालं."

"हाव. आता ठोकायची गरज न्हाई."

दात नीट बसला. त्यांना निरोप द्यायला मी दारापर्यंत गेले. त्या एकेका पायरीवर थांबत, एक हात खाली बाजूला धरून जिना उतरत होत्या. शेवटच्या पायरीवर वाकल्या आणि कमरेएवढ्या उंचीवर, हवेत, पदरानं माती झटकली.

माती पायरीवर पडली.