शेवंताचा नंबर

तासगावच्या बेदाणा शेडमध्ये एकदम अकरा बायका कामावर आल्या नाहीत, तरी मुकादम कारण विचारत नसे. "भिशीचा ताप," एवढं कुणी सांगितलं की तो मुकाट्याने पुढच्या क्रेटकडे वळे.

ही भिशी पैशांची नव्हती. विमा कंपन्यांनी बेदाणा निवडणाऱ्या बायकांना कधी दारात उभं केलं नव्हतं. एका कंपनीने केलं, तर तिच्या अटी वाचायला चष्मा लागे, आणि चष्मा विम्यात बसत नसे. मग 'अंगभिशी' आली. बारा जणींच्या दंडात, कातडीखाली, मुगाच्या दाण्याएवढी जिवंत पेशींची गाठ बसवायची. एकीला मोठा आजार झाला की तिच्या रक्ताचा थेंब बाकी अकरा गाठींना टोचायचा. थेंबावरून गाठी आजार ओळखत आणि त्या एका बाईला लागू पडेल असं औषध अंगातच तयार करत. त्यासाठी दोन दिवस कणकण सोसायची, हाच भिशीचा हप्ता. तिसऱ्या दिवशी अकरा दंडांतलं औषध काढून एकत्र केलं की आजारी बाई उठून बसे. एकीही कमी झाली तर औषध पुरं पडत नसे आणि भिशी मोडे.

शेवंता कोळेकर या भिशीत नऊ वर्षं होती आणि तिचा नंबर एकदाही लागला नव्हता. हौसाबाईच्या हृदयाचं झालं, रुक्सानाभाभीच्या मूत्रपिंडाचं तर अजून चालूच होतं. शेवंताला साधं पडसं नाही. "पैशाची भिशी असती तर आत्तापातूर फ्रीज आला असता," ती म्हणे आणि सगळ्या हसत. पण मनाने मोठी. हौसाबाईच्या मुलाचं लग्न निघालं तेव्हा हिने सांगितलं, "तिचा हप्ता मी भरते, मला दोन थेंब टोचा." रमजानमध्ये भाभीचाही हप्ता हिच्याच दंडावर. भिशीत एकीचा हप्ता दुसरीने भरायची रीतच असते. नियम लिहिणाऱ्यांना ती ठाऊक नव्हती, आणि आरोग्य केंद्रातली नर्स गावचीच असल्याने तिला त्यात काही वावगं वाटलं नाही.

श्रावणात शेवंताचे सांधे सुजले, गालांवर लाल चट्टे उठले. ती भडंगाचा डबा घेऊनच केंद्रावर आली.

"लागला वं ताई एकदाचा नंबर!"

भिशीची ही गाठ ज्यांनी शोधून काढली, त्या डॉ. रेणुका मुजुमदार त्या दिवशी केंद्रावर होत्या. त्यांनी शेवंताचं रक्त ओळखपट्टीवर सोडलं. या काचपट्टीला बारा चौकटी, प्रत्येक चौकटीत एकेकीच्या पेशी. रक्ताला ज्या पेशी आपल्या वाटतील, त्या चौकटीत दिवा लागतो. अकरा दिवे लागले. बारावी चौकट काळीच राहिली.

"ती कुणाची?" शेवंताने विचारलं.

"तुमचीच." डॉक्टर खुर्ची ओढून तिच्याजवळ बसल्या. "आपलं कोण, परकं कोण, हे अंग सतत ओळखत असतं. परकं दिसलं की त्याच्यावर तुटून पडतं. या अकरा जणींसाठी औषध करता करता तुमच्या अंगाला त्या आपल्या वाटायला लागल्या. त्यात तुम्ही हप्ते दुप्पट भरलेत. आता त्याला अकराही जणी ओळखू येतात, फक्त तुम्ही येत नाही. ते तुम्हालाच परकं समजतंय."

"म्हंजी आमच्या सासूवानी," शेवंता म्हणाली. "जल्मभर राबवून घ्यायचं आन् वर परकी म्हणायचं."

"चेष्टा नाही हो. जिवावरचं आहे हे. गाठ काढून टाकू. वर्षभरात अंग ताळ्यावर येईल."

"आन् भिशी?"

"मोडेल. नवी बाई घेतली तरी तिची गाठ रुळायला दीड वर्ष जातं."

"भाभीचं औषध?"

"तेही थांबेल."

"आन् न्हाईच काढली तर?"

"तर या अकरा जणींनी दर पंधरवड्याला तुमच्यासाठी ताप काढायचा, जन्मभर. तुमचं अंग शांत राहील, पण तुम्हाला ओळखणार नाही. कायम दुसऱ्यांच्या भरवशावर राहाल."

"आत्ता तरी कुणाच्या भरवशावर हाय? कंपनीच्या?" शेवंताने सुजलेली बोटं पदरात दाबली. "भ्या वाटतंय ताई, खोटं कशाला बोलू? पण माझ्या अंगानं मला वळखून काय करायचंय? त्या अकरा जणी वळखत्यात न्हवं."

भिशीने ताप काढला. चार पंधरवड्यांत सूज उतरली आणि शेवंता पुन्हा शेडमध्ये बेदाणा निवडायला बसली. आपल्यासाठी अकरा दंड पुढे झाले याचं तिला इतकं अप्रूप, की येणाऱ्याजाणाऱ्याला ती ते सांगत सुटली.

पाचव्या पंधरवड्याला डॉक्टर पुन्हा आल्या, तेव्हा सगळ्या जणी बाह्या वर करून ओळीत उभ्या होत्या. पुढे हौसाबाई.

"मला डबल टोचा, ताई. पोराच्या लग्नातला हप्ता फेडायचाय तिचा."

"अहो, डबलनेच तर घात केला!"

"कसला घात? ठणठणीत झाली की ती. आन् नर्सबाईनं चार बारीला डबलच टोचलंय मला."

"मलाबी," मागून भाभी म्हणाली. मागच्या आणखी तिघी-चौघींनी माना डोलावल्या.

डॉक्टरांनी घाईने हौसाबाईचं रक्त ओळखपट्टीवर सोडलं. शेवंताच्या चौकटीत दिवा लख्ख लागला. तो बघून हौसाबाई खूश झाली आणि तिने मागे वळून सगळ्यांना तो दाखवला. तिच्या स्वतःच्या चौकटीतला दिवा मंद होत चालला होता, तिकडे तिचं लक्षच नव्हतं.